सिक्युअर बूट आणि रिस्ट्रिक्टेड बूट: किल्ली कोणाकडे?

लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त सिस्टीम टाकताना काही अडलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: "बायोसमध्ये जा आणि सिक्युअर बूट बंद कर." मी स्वतः हा सल्ला कित्येकांना दिला आहे. आता देत नाही. या एका वाक्यामुळे दोन निरनिराळ्या गोष्टी लोकांच्या डोक्यात एक होऊन बसल्या आहेत. सिक्युअर बूट म्हणजे कंपन्यांनी आपल्या डोक्यावर बसवलेलं बंधन, असं समजून लोक उपयोगाची सुरक्षा काढून टाकतात. खरं बंधन ज्या यंत्रावर आहे, तो खिशातला फोन मात्र कुरकुर न करता वापरतात.

दोन्हींचं तंत्र जवळपास सारखंच आहे. यंत्र सुरू होताना पुढचा प्रोग्राम चालवण्याआधी त्याच्यावरची डिजिटल सही तपासायची आणि ती ओळखीची नसेल तर थांबायचं. कोणाची सही ओळखीची मानायची, हे यंत्राच्या मालकाला ठरवता येत असेल तर तो सिक्युअर बूट. ते फक्त कंपनीच ठरवणार असेल आणि मालकाला त्यात कधीच हात घालता येणार नसेल, तर तो रिस्ट्रिक्टेड बूट. हे दुसरं नाव फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअरसाठी लढणाऱ्या संस्थेने २०११ मध्ये मुद्दाम वेगळं रूढ केलं आणि ते फार बरं केलं.

आधी सही तपासायची गरज काय, ते पाहू. पॉवरचं बटण दाबल्यावर आधी फर्मवेअर (मदरबोर्डवरच असलेला प्रोग्राम) जागं होतं, ते बूटलोडरला (सिस्टीम सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामला) उठवतं, बूटलोडर कर्नलला (सिस्टीमच्या गाभ्याला) उठवतो आणि बाकी सगळं त्यानंतर. अँटिव्हायरस या रांगेत फार मागे उभा असतो. बूटलोडरच्याच जागी एखादा घुसखोर बसला, तर त्याच्यानंतर येणारा प्रत्येक जण त्याने दाखवलेलं जगच खरं मानतो. ही भीती कागदावरची नाही. २०२२-२३ मध्ये उजेडात आलेलं ब्लॅकलोटस हे बूटकिट (सिस्टीमच्याही आधी सुरू होणारा व्हायरस) एका जुन्या, सहीच्या पण सदोष बूटलोडरचा फायदा घेऊन सिक्युअर बूट चालू असलेल्या विंडोजमध्येही शिरत होतं.

म्हणून यूईएफआय फर्मवेअरमध्ये (हे जुन्या बायोसच्या जागी आलं, पण लोक त्याला अजून बायोसच म्हणतात) काही याद्या असतात. 'डीबी' या यादीत कोणाच्या सह्या चालतील ते असतं, 'डीबीएक्स'मध्ये कोणत्या बाद झाल्या ते. या याद्या बदलायचा अधिकार 'केईके' या किल्लीकडे असतो आणि सर्वांत वर 'पीके', म्हणजे प्लॅटफॉर्म की. ज्याची पीके, त्याचं यंत्र. नव्या लॅपटॉपमध्ये ती बनवणाऱ्या कंपनीची असते. ती काढून आपली बसवता येते का, यावर सगळं ठरतं.

या दोन वाटा कुठे फुटल्या, ते एका कागदावरच दिसतं. विंडोज ८ येणार होतं तेव्हा, २०११ मध्ये, मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की विंडोजचं प्रमाणपत्र हवं असलेल्या यंत्रात सिक्युअर बूट चालू असलाच पाहिजे. त्या वेळी रेड हॅट या लिनक्स कंपनीत असलेल्या मॅथ्यू गॅरेट या प्रोग्रामरने याचा धोका उघड मांडला आणि बराच गदारोळ झाला. शेवटी जे नियम आले, त्यात दोन कलमं होती. इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरवरच्या यंत्रांत, समोर बसलेल्या माणसाला सिक्युअर बूट बंद करता आला पाहिजे आणि स्वतःच्या किल्ल्या घालता आल्या पाहिजेत. फोन-टॅबलेटमध्ये असतात तशा एआरएम प्रोसेसरवरच्या यंत्रांत मात्र तो बंद करता येताच कामा नये. कंपनी तीच, तंत्रही तेच, तरी एका कलमात मालक मालक राहिला आणि दुसऱ्यात नुसता वापरणारा झाला. ऑक्टोबर २०१२ मध्ये आलेला सरफेस आरटी टॅबलेट हा दुसऱ्या कलमाचा नमुना. जानेवारी २०२३ मध्ये त्याच्या विंडोजचे अपडेट थांबले. धडधाकट स्क्रीन, धडधाकट कीबोर्ड, पण त्याच्यावर दुसरी सिस्टीम टाकायची अधिकृत सोय बनवणाऱ्याने कधी ठेवलीच नव्हती.

पहिल्या वाटेवरचा अनुभव कसा असतो, ते सांगते. गेल्या वर्षी भाचीच्या लॅपटॉपवर उबंटू हे लिनक्स टाकलं. त्यात एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड होतं आणि सिक्युअर बूट मी चालूच ठेवला होता. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, टाकताना उबंटूने एक पासवर्ड ठरवायला सांगितला. यंत्र पुन्हा सुरू झालं आणि "मावशी, हा निळा स्क्रीन काय आला?" अशी हाक आली. मी स्वयंपाकघरातून येईपर्यंत दहा सेकंद उलटून गेली होती, स्क्रीन निघून गेला होता आणि ड्रायव्हर काही चालू झाला नव्हता. पुन्हा सगळं केलं. या वेळी ती समोर बसून होती. स्क्रीन आल्याबरोबर तिने एक बटण दाबलं, 'एनरोल मोक' निवडलं, तोच पासवर्ड दिला, 'हो' म्हटलं आणि यंत्र पुन्हा सुरू झालं. ड्रायव्हर चालला, सिक्युअर बूटही चालूच राहिला.

मोक म्हणजे मशीन ओनर की, यंत्राच्या मालकाची किल्ली. नावातच सगळं आलं. त्या निळ्या स्क्रीनची रचना मला मनापासून आवडते. चालू असलेल्या सिस्टीममधला प्रोग्राम फार तर अर्ज करू शकतो की ही किल्ली मान्य करा. मंजुरी द्यायला कोणीतरी कीबोर्डसमोर हजर लागतं, तेही सिस्टीम सुरू व्हायच्या आधी. दूरवर बसलेल्या चोराला ते जमत नाही. "सामान्य माणसाच्या हातात किल्ली दिली तर व्हायरसही तीच वापरतील," असं जे कायम सांगितलं जातं, त्याला हा स्क्रीन सरळ उत्तर आहे. मालकाला अधिकार देऊनही सुरक्षा टिकते. लॅपटॉपवर ते रोज घडतं आहे.

अर्थात या वाटेवर सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. उबंटू, फेडोरा यांचं पहिलं पाऊल म्हणजे 'शिम' नावाचा एक छोटा बूटलोडर. त्यावर सही मायक्रोसॉफ्टची असते, कारण जवळपास प्रत्येक यंत्राच्या डीबीमध्ये मायक्रोसॉफ्टचंच सर्टिफिकेट आधीपासून असतं. म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरच्या दारावर एका स्पर्धक कंपनीची परवानगी लागते. ती मिळते, पण ती मागावी लागते, ही गोष्ट मला खुपते. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने जुने सदोष बूटलोडर बाद केले, तेव्हा विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारी ठेवणाऱ्या कित्येकांचं लिनक्स सुरूच होईना. बाद करण्यामागचं कारण खरं होतं, ग्रब या लिनक्सच्या बूटलोडरमध्ये भोक होतंच. पण आपल्या यंत्रात काय चालेल हे दुसऱ्याच्या अपडेटने ठरतं, ते त्या दिवशी पुष्कळांना पहिल्यांदा कळलं.

शिवाय ही वाट अरुंद होत चालली आहे. विंडोज १० आलं तेव्हा, २०१५ मध्ये, 'सिक्युअर बूट बंद करता आलाच पाहिजे' ही सक्ती गेली आणि तो निर्णय लॅपटॉप बनवणाऱ्यांवर सोपवला गेला. २०२२ पासून काही लॅपटॉपमध्ये शिमवरची सही ज्याने ओळखली जाते ते मायक्रोसॉफ्टचं इतरांसाठीचं सर्टिफिकेटच मुळात बंद ठेवून येतं. बायोसमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं. करता येतं, म्हणून तो अजून सिक्युअर बूटच आहे. पण ज्याला हे माहीत नाही तो "या लॅपटॉपवर लिनक्स चालत नाही" असं म्हणून सोडून देतो.

आता दुसरी वाट. तिचं सगळ्यांत स्वच्छ उदाहरण ॲपलने नकळत दिलं आहे. २०२० मध्ये एम१ चिपचे मॅक आले. या मॅकमध्ये सुरक्षेची पातळी मालकाला स्वतः उतरवता येते आणि तीसुद्धा त्या एकाच सिस्टीमपुरती. शेजारची मॅकओएस पूर्ण सुरक्षित राहते आणि दुसऱ्या भागात आपण बनवलेला कर्नल चालवता येतो. मॅकवर लिनक्स चालवणारा 'असाही लिनक्स' नावाचा प्रकल्प उभा राहिला तो याच सोयीवर, कुठलंही कुलूप न फोडता. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, तीच एम१ चिप आयपॅड प्रोमध्ये आली. त्या आयपॅडवर अशी सोय नाही. मालकाने कितीही पासवर्ड दिले, कितीही वेळा 'हो' म्हटलं, तरी त्याच्यावर त्याचा स्वतःचा कर्नल चालणार नाही. एकच चिप दोन डब्यांत. "सुरक्षेसाठी हे करावंच लागतं" या दाव्याविरुद्ध यापेक्षा मोठा पुरावा मी शोधणार नाही. मॅकवर जे सुरक्षितपणे जमतं ते आयपॅडवर दिलेलं नाही, कारण ते द्यायचं नाही असं ठरवलं आहे.

अँड्रॉइडमध्ये दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी सापडतात. गूगलच्या दुकानातून घेतलेल्या पिक्सेलचा बूटलोडर उघडता येतो, स्वतःची किल्ली त्यात घालून तो पुन्हा बंदही करता येतो. मग सुरू होताना फोन पिवळी सूचना दाखवतो की ही सिस्टीम कंपनीची नाही, पण सही जुळते आहे. उघडताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो आणि ते योग्यच आहे. नाहीतर चोरलेला फोन उघडून आतलं वाचता आलं असतं. माझा आधीचा फोन दुसऱ्या एका कंपनीचा होता. तिसऱ्या वर्षी त्याचे अपडेट थांबले. बॅटरी बदलून घेतली होती, कॅमेरा चांगला होता, तरी त्याच्यावर लिनिएजओएस ही अँड्रॉइडवरून बनवलेली मुक्त सिस्टीम टाकता आली नाही, कारण बूटलोडर उघडायची वाटच नव्हती. ग्राहक सेवेकडून उत्तर आलं की सुरक्षेच्या कारणास्तव ही सोय उपलब्ध नाही. सुरक्षेचे अपडेट बंद झालेल्या फोनबद्दल ते उत्तर होतं. तो फोन अजून कपाटात आहे.

मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना हे नवीन नाही. टिव्हो नावाचं अमेरिकेतलं टीव्ही रेकॉर्डर यंत्र लिनक्सवर चालायचं. कंपनी जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यानुसार सोर्स कोड इमानदारीत देत होती. पण तो बदलून पुन्हा यंत्रात घातला की सही जुळायची नाही आणि यंत्र तो चालवायचं नाही. वाचायचा हक्क मिळाला, वापरायचा गेला. जून २००७ मध्ये आलेल्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत यासाठी कलम घातलं गेलं: घरगुती वापराच्या यंत्रात असा कोड घालून विकलात, तर बदललेला कोड त्यात बसवायला लागणारी माहिती, किल्ल्यांसकट, द्यायची. लिनक्स कर्नल मात्र दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला. म्हणूनच आज जगातले बहुतेक फोन लिनक्स कर्नलवर चालतात आणि त्यातल्या पुष्कळांवर तुम्ही तयार केलेला कर्नल चालत नाही.

आणखी खाली, फर्मवेअरच्याही पायथ्याशी, एक पायरी आहे जी बायोसच्या पडद्यावर दिसतच नाही. इंटेलच्या बूट गार्डमध्ये कंपनीच्या किल्लीची खूण चिपमध्ये कायमची कोरून ठेवता येते. तसं केलं की फर्मवेअर बदलून कोअरबूट हे मुक्त फर्मवेअर टाकायचा मार्ग संपतो. एएमडीच्या तशाच सोयीत प्रोसेसर एका कंपनीच्या फर्मवेअरशी बांधला जातो. तो सर्व्हरमधून काढून दुसऱ्या कंपनीच्या मदरबोर्डवर लावला तर चालत नाही. जुना माल घेणाऱ्यांनी हे विचारून घ्यावं. बाहेरून पाहून काही कळत नाही.

आणि किल्ली कंपनीकडे असली की ती सुरक्षित हातात आहे, हेही गृहीत धरू नका. जुलै २०२४ मध्ये बायनार्ली या संस्थेने दाखवलं की शेकडो मॉडेलांमध्ये पीके म्हणून एएमआय या फर्मवेअर बनवणाऱ्या कंपनीची नमुन्याची किल्ली तशीच राहिली होती. तिच्या नावातच 'डू नॉट ट्रस्ट', विश्वास ठेवू नका, असं लिहिलेलं होतं आणि तिचा गुप्त भाग आधीच बाहेर फुटलेला होता. यूईएफआय लॅपटॉपवर मालकाला निदान ती पीके काढून स्वतःची घालता येते. कुलूपबंद यंत्रात हीच चूक झाली, तर कंपनी दया करेपर्यंत वाट पाहण्यापलीकडे हातात काही नाही.

लॅपटॉप घेताना दुकानात एवढं करून पाहा. सुरू करताना एफ२ किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये जा आणि सिक्युअर बूटच्या पानावर 'कस्टम' किंवा 'सेटअप मोड' आहे का ते बघा. किल्ल्या काढायची आणि घालायची सोय दिसली तर यंत्र तुमचं आहे. मात्र मायक्रोसॉफ्टची सर्टिफिकेटं घाईने उडवू नका. ग्राफिक्स कार्डमधल्या फर्मवेअरवर बऱ्याचदा त्याच सह्या असतात, आणि ती गेली तर स्क्रीनच उजळत नाही, अशी वेळ लोकांवर आली आहे. फोनच्या बाबतीत 'ओईएम अनलॉकिंग'चं बटण डेव्हलपर ऑप्शन्समध्ये दिसतं, पण ते दिसलं म्हणजे बूटलोडर उघडेलच असं नाही. तुमच्या नेमक्या मॉडेलचा बूटलोडर कोणी उघडला आहे का, ते पैसे देण्याआधी शोधा आणि विकणाऱ्यालाही विचारा. त्याला बहुधा उत्तर माहीत नसेल, तरी विचारा. दिवसातून चार गिऱ्हाइकांनी हाच प्रश्न विचारला तर तो वरपर्यंत जातो.