वाळवंटातलं सफरचंद थंडी कशी मोजतं

जूनच्या सुरुवातीला ताईने ॲरिझोनातल्या फिनिक्सहून फोटो पाठवला. परसात छातीएवढं झाड, त्यावर लालसर झाक आलेली सहा-सात सफरचंदं. त्या दिवशी हवा ४३ अंशांची. घरच्या ग्रुपवर लगेच प्रश्न आला, ‘एवढ्या उन्हात सफरचंद जगतं तरी कसं?’

प्रश्न चांगला आहे, पण ऋतू चुकलाय. पाणी आणि थोडी सावली मिळाली की सफरचंद उन्हाळा कसाबसा काढतं. त्याचं घोडं अडतं ते डिसेंबर-जानेवारीत. वाळवंटात थंडी पुरत नाही.

सफरचंद, पीच, प्लम ही पानगळीची झाडं. पुढच्या वर्षीचे डोळे, म्हणजे फुलांचे-पानांचे मिटलेले कोंब, आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात आणि झोपी जातात. ही झोप उबेने मोडत नाही. मोडली असती, तर भर हिवाळ्यातल्या दोन उबदार दिवसांना भुलून मोहोर बाहेर आला असता आणि पुढच्या हिमात जळून गेला असता. म्हणून डोळा आधी थंडीचा कोटा पुरा करून घेतो आणि मगच उबेला दाद देतो. जुना हिशेब सोपा होता: ० ते ७ अंशांमधले तास मोजायचे. हिमाचलातल्या डेलिशस जातींना असे हजारभर तास लागतात. ताईच्या झाडाची जात ‘ॲना’. इस्रायलमधल्या एका किबुत्झवर, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वस्तीवर, अब्बा स्टाइन यांनी ती तयार केली. तिला दोन-तीनशे तास पुरतात.

पण नुसते तास मोजून भागत नाही. फिनिक्समध्ये जानेवारीत पहाटे पारा ५-७ अंशांवर असतो आणि दुपारी २० अंशांवर जातो. मग पहाटेच्या कमाईचं दुपारी काय होतं? १९७४ साली अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या संशोधकांनी थंडी मोजायचं एक मॉडेल मांडलं. त्यात १६ अंशांवरचे तास सरळ वजा होतात. उबदार प्रदेशांना ते लावलं की बेरीज कधीकधी शून्याखाली जाते, आणि झाडं तर डोळ्यांदेखत फुललेली असतात!

हे कोडं सोडवलं इस्रायली संशोधकांनी. फिशमन, एरेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडलेलं ‘डायनॅमिक मॉडेल’ मला अतिशय सुंदर वाटतं. त्यात थंडी दोन टप्प्यांत साठते. पहिल्या टप्प्यात डोळ्यात एक कच्चं द्रव्य तयार होतं आणि ऊब आली की ते मोडतं. मात्र ते ठरावीक पातळीला पोचलं की त्याचा पक्का ‘हप्ता’ बनतो, आणि मग कितीही ऊन पडलं तरी तो हप्ता जात नाही. कच्ची वीट पावसात विरघळते, भाजलेली विरघळत नाही, तसंच हे. थंडी सर्वांत चांगली साठते ती ६-८ अंशांच्या आसपास, गोठणबिंदूला नव्हे. सलग ६ अंश मिळाले तर एका हप्त्याला दिवसाहून थोडा अधिक काळ लागतो. दुपार उबदार झाली तर कच्चा माल थोडा मोडतो, पण आधीचे पक्के हप्ते शाबूत राहतात. त्यामुळे रात्री थंड आणि दुपारी गरम अशा वाळवंटातही बेरीज हळूहळू वाढत जाते. हे कच्चं द्रव्य म्हणजे नेमकं कोणतं रसायन, ते मॉडेल सांगत नाही. तो वागणुकीचा हिशेब आहे. पेशींच्या पातळीवरचा एक धागा बर्च आणि ॲस्पेनसारख्या झाडांत सापडलाय: झोपलेल्या डोळ्यात पेशी-पेशींमधल्या सूक्ष्म वाटा कॅलोज नावाच्या पदार्थाने बुजलेल्या असतात. थंडीत तो विरघळवणारी विकरं (एन्झाइम) कामाला लागतात आणि वाढीचे संदेश पुन्हा आत पोचू लागतात.

आता बर्फाचं. ‘बुंध्याशी रोज बर्फ टाका, थंडी भरून निघेल,’ असं ताईला शेजाऱ्यांनी सांगितलं. तसे व्हिडिओही पुष्कळ फिरतात. हा समज खोटा ठरवायला १९२० चा प्रयोग पुरेसा आहे. अमेरिकी कृषी खात्यातले फ्रेडरिक कोव्हिल यांनी ब्लूबेरीचं झाड उबदार काचघरात ठेवलं आणि त्याची एकच फांदी भोकातून बाहेर थंडीत काढली. वसंतात फुटली ती बाहेरची फांदी. आतलं झाड झोपलेलंच राहिलं. म्हणजे थंडी प्रत्येक डोळा आपापली मोजतो, मूळ त्याच्या वतीने मोजत नाही. बर्फ मुळाशी, डोळे फांदीवर.

उन्हाळ्याची काळजी वेगळी. बुंध्याला पातळ केलेला पांढरा रंग, पश्चिमेकडून शेडनेट, आणि पाणी क्वचित पण खोलवर. तिथल्या जमिनीत कॅलिशे नावाचा चुन्याचा कठीण थर असतो, तो फोडल्याशिवाय पाणी मुरत नाही. २०२३ मध्ये फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या पुढे होता. ॲना जूनमध्येच पिकते, म्हणून तिची फळं त्या भट्टीच्या आधी घरात येतात.

आपल्याकडे डाळिंब-संत्र्याचे बागायतदार पाणी तोडून झाडाला ताण देतात आणि बहार धरतात. नाशिककडे द्राक्षाच्या छाटणीनंतर डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. थंडीने जे काम करावं, ते इथे ताण आणि रसायन करतात.

ताई आता ॲनाच्या परागीभवनासाठी ‘डॉर्सेट गोल्डन’ ही सफरचंदाची दुसरी जात लावणार आहे. तिने जागा भिंतीलगत धरली होती. मी तिला म्हटलं, ती भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्रभर ऊब सोडते. झाड उघड्यावर लाव, जमीन जिथे किंचित खोलगट आहे तिथे. पहाटेची थंड हवा तिथेच साचते.