स्वच्छ आभाळ, रिकामी झाडी

मेक्सिकोच्या आखाताच्या उत्तर किनाऱ्यावर एप्रिलमध्ये हवा जितकी सुरेख, तितके स्थलांतरी पक्षी कमी. टेक्ससमधल्या हाय आयलंडला पक्षी पाहायला नेमाने जाणाऱ्यांना हे पाठ असतं. पण १९४५ च्या सुमारास याच गोष्टीवरून पक्षीतज्ज्ञांत चांगली जुंपली होती.

एका बाजूचं म्हणणं असं, की वसंतात दक्षिणेकडून उत्तरेला परतणारे पक्षी मोठ्या संख्येने आखात ओलांडत नाहीत. किनाऱ्याकिनाऱ्याने वळसा घेऊन येतात. ओलांडत असते तर स्वच्छ हवेत किनाऱ्यावरच्या झाडीत दिसले नसते? पावसावाऱ्यात दिसतात ते भरकटलेले. दुसरी बाजू म्हणे, दक्षिणेचा वारा पाठीशी असताना पक्षी तिथे उतरतील कशाला? संध्याकाळी आखाताच्या दक्षिणेचं युकातान द्वीपकल्प सोडलेला पक्षी सुमारे हजार किलोमीटर उडून दुसऱ्या दिवशी किनारा गाठतो आणि थेट आतल्या जंगलांकडे निघून जातो. शीत आघाडी, म्हणजे उत्तरेकडून सरकणाऱ्या थंड हवेची पुढची कड, आडवी आली, उत्तरेचा वारा नि पाऊस तोंडावर आला, की मात्र मिळेल त्या पहिल्या झाडावर उतरतो. एरवी शेंड्यावर राहणारे वॉर्बलर, हे चिमुकले गाणारे पक्षी, मग गवतात उड्या मारताना दिसतात. हाच पक्षीनिरीक्षकांचा लाडका ‘फॉलआउट’.

पहिली बाजू हरली, पण तिची थट्टा करू नये. रिकाम्या झाडीचा जाब तिनेच मागितला. १९४८ मध्ये दुर्बिणी चंद्रावर रोखून बिंबावरून सरकणारे पक्षी मोजले गेले, युकातानच्या बाजूनेही. १९६० च्या दशकात हवामान रडारवर समुद्रावरून येणारे थवे दिसले आणि वाद मिटल्यात जमा झाला.

१९९० च्या दशकात अमेरिकाभर डॉप्लर या नव्या हवामान रडारचं जाळं उभं राहिलं. त्यातल्या २३ वसंतांच्या नोंदींवरून २०१८ मध्ये स्थलांतराचं अंदाज-प्रारूप मांडलं गेलं; त्यात सर्वांत वजनदार घटक निघाला तापमान. आता रात्रीचे नकाशे आगाऊ मिळतात. पण नकाशा हवेतले पक्षी सांगतो, झाडावरचे नव्हे. तो भडक रंगलेला पाहून किनाऱ्याकडे धावणारे हमखास हात हलवत परततात. जाणते लोक आघाडी किनाऱ्यावर केव्हा पोचणार ते आधी पाहतात. उशीर झाला तर थवे तोवर आत गेलेले असतात. फार लवकर आली तर ते भर समुद्रातच उलट्या वाऱ्यात सापडतात आणि कित्येक किनाऱ्यापर्यंत पोचतच नाहीत.