जेट तेच, पेट्रोल निराळे : जुन्या मोटारींच्या कार्ब्युरेटर ट्यूनिंगची पार्श्वभूमी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत अजूनही हौसेने जपलेल्या फियाट, अॅम्बेसेडर आणि पेट्रोल जीप या गाड्यांच्या मालकांकडून अलीकडे एकसारखी तक्रार ऐकू येते. सकाळी चोक ओढून ठेवल्याशिवाय गाडी धरत नाही, अॅक्सिलरेटर दाबला की क्षणभर अडखळते, उतारावर पाय काढला की सायलेन्सरमधून फटाके वाजतात, आणि कार्ब्युरेटर उघडून साफ केला तरी फरक पडत नाही. मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी जात असल्याची ही लक्षणे आहेत. अशा वेळी बहुधा कार्ब्युरेटर बिघडलेला नसतो. ज्या पेट्रोलसाठी तो घडवला गेला होता, ते पेट्रोल आता पंपावर मिळत नाही. अशी वेळ पहिल्यांदाच आलेली नाही. या भागात मोटार आल्यापासून पेट्रोल, घाटातली हवा आणि सुट्या भागांची उपलब्धता या तिन्ही गोष्टींनी मिस्त्रीला पुन्हा पुन्हा नव्याने हिशेब मांडायला लावला आहे.

मुळात कार्ब्युरेटरचे काम मोजके आहे : हवा आणि पेट्रोल ठरावीक प्रमाणात मिसळून इंजिनाला पुरवणे. वजनाने एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ भाग हवा लागते, आणि इंजिन मंद चालत असो वा घाट चढत असो, हे प्रमाण फार ढळू द्यायचे नसते. अरुंद जागेतून जाताना हवेचा वेग वाढतो आणि दाब घटतो, हे तत्त्व डॅनियल बर्नुली याने १७३८ साली मांडले आणि त्याच शतकात जिओव्हानी बॅटिस्टा व्हेंचुरी या इटालियन शास्त्रज्ञाने अरुंद नळीवर प्रयोग करून ते पुढे नेले. मोटारीने मात्र सुरुवातीला त्याचा उपयोग केला नाही. कार्ल बेंझच्या १८८६ च्या गाडीत हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून नेऊन वाफेसह इंजिनात ओढली जाई. बारीक तोंडातून पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्ब्युरेटर १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख याने केला आणि त्याच वर्षी बुडापेस्टमध्ये दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी तशाच रचनेचे पेटंट घेतले. फ्लोटने, म्हणजे तरंगत्या डबीने, पातळी राखलेली पेट्रोलची वाटी आणि हवेच्या वाटेत उघडणारे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक तोंड, ही रचना तेव्हापासून शेवटच्या कार्ब्युरेटरपर्यंत कायम राहिली.

अडचण अशी की साध्या जेटला प्रमाण राखता येत नाही. हवेचा ओघ वाढत जातो तसे जेट गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडू लागते. त्यावर दोन मार्ग निघाले. फ्रान्समधल्या झेनिथ आणि सोलेक्स व इटलीतल्या वेबर या कंपन्यांनी हवेची वाट एकाच मापाची ठेवली आणि मंद गतीसाठी, मुख्य चालीसाठी, एकदम वेग घेण्यासाठी वेगवेगळी जेट्स व हवेची छिद्रे दिली. इंग्लंडमध्ये जॉर्ज हर्बर्ट स्किनर याने १९०५ साली वेगळा विचार केला. त्याने हवेची वाटच कमीजास्त होणारी केली आणि जेट एकच ठेवले. त्या जेटमध्ये निमुळती सुई वरखाली होते आणि सुई जितकी वर उचलली जाईल तितकी पेट्रोलला वाट मिळते. पुढे स्किनर बंधूंच्या नावावरून हा कार्ब्युरेटर एसयू म्हणून ओळखला गेला आणि १९२६ साली ती कंपनी विल्यम मॉरिसने विकत घेतली. मॉरिस ऑक्सफर्डची भारतीय आवृत्ती असलेल्या अॅम्बेसेडरवर एसयू दिसतो तो या नात्याने. फियाट ११०० आणि तिच्यापासून निघालेली पद्मिनी मात्र पहिल्या पंथातली आहे. या फरकामुळेच अॅम्बेसेडरवर हात बसलेला मिस्त्री फियाटपुढे चाचपडताना दिसतो, आणि फियाटवाला अॅम्बेसेडरपुढे.

एसयूच्या ट्यूनिंगची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे, कारण तीत उपकरण जवळजवळ लागतच नाही. प्रथम वरची टोपी फिरवून डँपर, म्हणजे हालचाल मंद करणारा दांडा, बाहेर काढायचा, आतले पातळ तेल पाहायचे, मग सुई धरून हवेची वाट कमीजास्त करणारा कार्ब्युरेटरमधला पिस्टन बोटाने वर उचलून सोडायचा. तो अडखळत, घासत खाली आला तर सुई जेटच्या मध्यावर नाही. ‘टक्’ असा स्वच्छ आवाज करून बसला तर पुढे जायचे. त्यानंतर इंजिन चांगले गरम करून मंद चालीवर ठेवायचे आणि पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचलायचा. इंजिनाची रेस वाढून तशीच राहिली तर पेट्रोल जास्त आहे, इंजिन लगेच खचू लागले तर कमी आहे, आणि किंचित वाढून पुन्हा पूर्ववत झाली तर मिश्रण योग्य आहे. दुरुस्ती करायची ती जेटखालच्या षट्कोनी नटाने. एका वेळी एकच पैलू फिरवायचा, जेट खाली गेले की पेट्रोल वाढते, वर आले की कमी होते. शेवटी गाडी काही किलोमीटर पळवून प्लग काढून पाहायचा : काजळी धरलेला असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरका असेल तर कमी, आणि फिकट तपकिरी असेल तर जमले.

अर्थात हे कौशल्य इथे आले ते बरेच नंतर. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत या पट्ट्यात मोटार होती ती संस्थानिकांकडे, मोठ्या वकील-व्यापाऱ्यांकडे आणि महाबळेश्वरला हवा खायला येणाऱ्या साहेबांकडे. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केल्यावर अमेरिकन गाड्या आणि लॉऱ्या वाढल्या, आणि ‘सर्व्हिस मोटारी’ गावोगाव फिरू लागल्या. त्या काळच्या अनेक गाड्यांत पेट्रोल हे इंजिन हवा शोषते त्या ओढीवर भरणाऱ्या छोट्या टाकीतून कार्ब्युरेटरला उतरत असे. लांब चढावर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना ही ओढ कमी पडते आणि टाकी रिकामी होते. चालकाने मध्येच पाय थोडा सैल करून टाकी भरू द्यायची, ही युक्ती घाटातल्या ड्रायव्हरला यावीच लागे.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले. १९४१ पासून शिधावाटप सुरू झाले आणि अनेक प्रवासी मोटारींच्या पाठीवर लोणारी कोळशाची भट्टी बसली. तिच्या वायूवर इंजिनाची ताकद बरीच घटत असे. ज्यांना पेट्रोल मिळे ते रॉकेल मिसळून ते पुरवत, आणि मग ठोके देणाऱ्या इंजिनाचे ठिणगीचे टायमिंग मागे घेणे व जेट बदलणे ओघाने आले. पेट्रोलमध्ये ऊसमळीपासून केलेले अल्कोहोल मिसळण्याची कल्पनाही तेव्हाचीच आहे. त्यासाठी भारतीय पॉवर अल्कोहोल कायदा १९४८ साली झाला. आजचे इथेनॉल नवे वाटते, पण त्याची कायदेशीर वंशावळ अॅम्बेसेडरपेक्षा जुनी आहे.

स्वातंत्र्यानंतरचा काळ या भागाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५० च्या दशकात फियाट ११०० बाहेर पडू लागली. सांगलीत १९४७ साली सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला पुढे वालचंदांचेच नाव मिळाले. धनजीशा कूपर यांनी सातारा रोडला उभारलेला, लोखंडी नांगर आणि डिझेल इंजिने करणारा कारखानाही वालचंद समूहात गेला. त्याआधी १९१० साली औंध संस्थानच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांची वाडी वसली होतीच. या कारखान्यांनी मोटारी केल्या नाहीत, आणि डिझेल इंजिनाला कार्ब्युरेटरही नसतो; परंतु लेथवर अचूक काम करणारे फिटर, टर्नर आणि ओतकाम जाणणारे कारागीर या परिसरात तयार झाले, आणि गाडीचा भाग मिळत नसेल तर तो घडवून घेण्याची सवय लागली. माझ्या मते इथल्या गॅरेजांची खरी शाळा तीच.

त्या सवयीची गरजही होती. आयातीवर निर्बंध होते आणि नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्यामुळे गाडी टाकून न देता तीच चालवायची, आणि कार्ब्युरेटर बदलण्याऐवजी त्यातूनच काम भागवायचे. शाफ्ट झिजून बाजूने हवा ओढू लागला तर पितळी बुश बसवायचा, गॅस्केट कागदाचे कापायचे, फ्लोटला भोक पडले तर डाग द्यायचा. याच काळात एक वाईट खोडही रुजली. जेटमध्ये कचरा अडकला की वायरचा तार घालून ते मोकळे करायचे. जेट मऊ पितळेचे असते आणि त्यावरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, म्हणजे १२० क्रमांकाच्या जेटचे छिद्र १.२० मिलिमीटरचे. तारेने ते थोडे जरी मोठे झाले तरी आकडा खोटा पडतो. आज मिळणाऱ्या जुन्या जेटवर छापलेल्या क्रमांकावर म्हणूनच विश्वास ठेवू नये. फुंकर, कंप्रेसरची हवा आणि साफसफाईचे द्रव्य एवढ्यावरच भागवावे.

साताऱ्यात १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये प्रिया स्कूटर बनू लागल्यावर कार्ब्युरेटर हा घरोघरचा विषय झाला. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या या स्कूटरचे जेट वरचेवर तुंबायचे आणि ते रस्त्याच्या कडेला उघडणे कित्येकांना येऊ लागले.

या भागाचा खरा कस लागतो तो मात्र घाटात. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, तर महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास. आठशे मीटर वर गेल्यावर हवा सात-आठ टक्क्यांनी विरळ होते, आणि साध्या कार्ब्युरेटरच्या गणिताप्रमाणे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण सुमारे चार टक्क्यांनी वाढते. वाईहून पसरणी चढून पाचगणीला पोचलेली गाडी जडावलेली वाटते आणि मंद चालीवर घुरघुरते, त्याचे एक कारण हे. उन्हाळ्यात खंबाटकी चढताना गाडी बंद पडते ती दुसऱ्याच कारणाने. इंजिनाच्या उष्णतेने पंपात आणि पाइपात पेट्रोलची वाफ होते आणि पुरवठा तुटतो. ड्रायव्हर याला ‘एअर लॉक’ म्हणतात आणि पंपावर ओले फडके टाकून वाट पाहतात. उपाय अगदी योग्य आहे. त्या वेळी जेट फिरवत बसणे व्यर्थ असते, आणि असे भलतीकडे फिरवलेले स्क्रू दुरुस्त करण्यातच घाटाच्या अलीकडच्या-पलीकडच्या मिस्त्रींचा निम्मा धंदा चालला असावा.

यानंतरचे वळण २००० सालचे. फेब्रुवारीपासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. शिसे ठोके रोखण्यासाठी घातले जाई, पण व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांच्यात ते पातळ थरासारखे संरक्षणही देई. अॅम्बेसेडरच्या जुन्या इंजिनात ही बैठक थेट बिडाच्या हेडमध्ये कापलेली असल्याने ती खचण्याचा धोका वाढला. फियाटच्या अॅल्युमिनियम हेडमध्ये बैठका वेगळ्या बसवलेल्या असल्यामुळे तिला हा त्रास तुलनेने कमी. त्याच सुमारास नव्या गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आले. पीयूसीसाठी जुन्या चारचाकीला मंद चालीवर कार्बन मोनॉक्साइडची तीन टक्क्यांची मर्यादा होती, आणि पुष्कळ ठिकाणी ट्यूनिंग म्हणजे तपासणीपुरता स्क्रू आवळून घेणे एवढेच उरले. दुचाकींतूनही एप्रिल २०२० च्या भारत स्टेज ६ निकषांनंतर कार्ब्युरेटर गेला, आणि गॅरेजात नव्याने शिकणाऱ्या पोराच्या हाती तो पडेनासा झाला.

आता मूळ तक्रारीकडे. २०२२ च्या मध्यापर्यंत देशात दहा टक्के इथेनॉलचे उद्दिष्ट गाठले गेले, फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्क्यांचे, म्हणजे ई-२० पेट्रोल आले, आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र झाले. यातले काही इथेनॉल उसाचे आहे आणि कृष्णाकाठचे साखर कारखाने ते गाळतात, म्हणजे इथल्या जुन्या गाड्यांच्या अडचणीचा उगम इथल्याच शेतात आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असल्याने त्याला एकास नऊ भाग हवा पुरते. त्यामुळे ई-२० साठी योग्य प्रमाण १४.७ वरून सुमारे १३.५ वर येते आणि तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन लागते. जुने जेट ते देत नाही, म्हणून गाडी कोरडी चालते. मुख्य जेट १२० चे १२५ केले तर छिद्राचे क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढते, म्हणजे कागदावर तरी हिशेब बरोबर बसतो. एसयूत हेच काम जेटचा नट काही पैलू खाली घेऊन बरेचसे साधते, आणि अपुरे पडले तर सुई बदलून. गंमत अशी की सांगलीत कोरडी चालणारी गाडी महाबळेश्वरला थोडी सुधारते, कारण तिथली विरळ हवा उलट दिशेने चार टक्के भरपाई करून देते. त्यामुळे ट्यूनिंग कुठे केले आणि गाडी बहुतेक कुठे चालणार, हे आधी विचारायला हवे.

जेट बदलून सगळेच सुटत नाही. इथेनॉल जुनी रबरी नळी, पंपाचा पडदा आणि कॉर्कचे भाग फुगवते किंवा ठिसूळ करते, हवेतला ओलावा शोषते आणि टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवून कार्ब्युरेटरच्या वाटीत आणून टाकते. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हा त्रास जास्त, आणि हौसेच्या गाड्या उभ्याच असतात. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी दिली. तिची मुदत दहा वर्षांची आणि पहिले शुल्क वीस हजार रुपये. अशा गाड्या प्रदर्शन, रॅली, देखभाल आणि इंधन भरणे यांसारख्या मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येतात. म्हणून नोंदणी करून घेणाऱ्याने त्याआधी इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि पंपाचा किट बसवून घ्यावा, गाडी उभी करताना वाटीतले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवावे, आणि मोठे जेट टाकले तरी मूळचे जेट डबीत घालून कागदपत्रांबरोबर जपून ठेवावे.