गर्भाशयाच्या अस्तराची वाढ (वंध्यत्व उपचारात)

गर्भाशयाच्या आतील अस्तर (एंडोमेट्रियम) दर पाळीला झडते आणि नव्याने वाढते. झडतो तो वरचा थर. तळचा थर टिकून राहतो आणि त्यातूनच नवे अस्तर उगवते. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात भ्रूण याच अस्तरात रुजायचा असतो, म्हणून त्याच्या वाढीवर लक्ष ठेवले जाते.

पाळीच्या दिवसांत अस्तर 1 ते 4 मिलिमीटर असते. पुढे इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे ते जाड होते आणि योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत तीन रेषांचे दिसू लागते. जाडी मोजताना समोरासमोरचे दोन्ही थर एकत्र धरतात. गोठवलेला भ्रूण गर्भाशयात सोडायचा असेल तर साधारण 10 ते 14 दिवस इस्ट्रोजेनच्या गोळ्या देतात. ज्यांची पाळी नियमित आहे, त्यांच्यात नैसर्गिक चक्रावरही काम भागते.

7 मिलिमीटर ही रूढ किमान मर्यादा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या एखाद्या बाईची सोनोग्राफी जवळच्या तालुक्याच्या गावी होते आणि भ्रूण सोडायला मुंबई किंवा आंबा घाट उतरून-चढून कोल्हापूर गाठावे लागते. तेव्हा रिपोर्टवरचा 6.8 हा आकडा घरभर चर्चेचा होतो. तो एवढा मनाला लावून घेण्यासारखा नसतो. 7 च्या खाली शक्यता घटते, पण गर्भधारणा होतच नाही असे नाही.

जाडीइतकीच, किंबहुना जास्त, वेळ महत्त्वाची. प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक सुरू झाले की अस्तराची वाढ थांबून ते भ्रूण धरण्याजोगे होते, आणि ही मुभा मोजक्याच दिवसांची असते. पाच दिवसांचा भ्रूण (ब्लास्टोसिस्ट) प्रोजेस्टेरॉनचे पाच दिवस भरल्यावर सोडतात. लावणी केलेल्या माणसाला हे वेगळे समजवावे लागत नाही: चिखलणी झाली पण तरवा (भाताची रोपे) कोवळा, किंवा तरवा जून झाला नि पाऊसच नाही, तर शेत कितीही खोल नांगरलेले असो, काय उपयोग?

अस्तर न वाढण्यामागे वारंवार केलेले क्युरेटिंग (गर्भाशय आतून खरवडणे), आतले चिकटलेपण आणि जननमार्गाचा क्षयरोग ही कारणे सापडतात. क्षयरोग भारतात विशेष ध्यानात ठेवावा लागतो, कारण तो तळच्या थरालाच इजा करतो; मग गोळ्या वाढवूनही फारसे साधत नाही. स्त्रीबीज वाढवण्यासाठी दिलेल्या क्लोमिफेनमुळेही काहींचे अस्तर पातळ राहते. त्याच कामाच्या लेट्रोझोलमध्ये हा त्रास कमी. सिल्डेनाफिल (रक्तवाहिन्या रुंदावणारे औषध), स्वतःच्या रक्तातल्या प्लेटलेट्स असे उपाय केले जातात, पण त्यांचा पुरावा अजून तोकडा आहे. बीट आणि डाळिंबाचा रस प्यायला हरकत नाही. त्याने अस्तर वाढते असे मात्र सिद्ध झालेले नाही.

अस्तर पुरेसे वाढले नाही तर ते चक्र सोडून देतात. घाटापलीकडची खेप फुकट गेली याचे वाईट वाटतेच. भ्रूण तोवर उणे 196 अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये असतो, आणि तिथे तो जून होत नाही.