एंकहाउझन: गोव्यातल्या एका कारकुनाचं गाव

अ‍ॅमस्टरडॅमहून निघालेली गाडी तासाभरात एंकहाउझनला पोहोचते आणि तिथे रूळच संपतात. फलाटावरून चार पावलं टाकली की समोर बंदर, शिडांच्या डोलकाठ्या आणि 1540 साली बांधलेला ड्रॉमेडारिस हा जाडजूड वेशीचा बुरूज. बहुतेक पर्यटक या बुरुजासमोर फोटो काढतात, धक्क्यावर हेरिंग मासा खातात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. मराठी वाचकाने मात्र इथे येण्याआधी या गावाची पूर्वपीठिका जरूर वाचावी. त्याच्या भरभराटीचा एक धागा थेट जुन्या गोव्यातून निघतो आणि पुढे वेंगुर्ल्याला येऊन टेकतो.

गावाच्या बोधचिन्हावर तीन हेरिंग आहेत. हा मासा आपल्या तारलीच्या कुळातला. डच कोळी तो जहाजावरच साफ करून, मीठ लावून पिंपांत भरत. त्यामुळे मासा नासायच्या आत घरी परतण्याची घाई उरली नाही आणि ताफे उत्तर समुद्रात आठवडेच्या आठवडे राहू लागले. खारवलेला बांगडा पावसाळ्यासाठी राखून ठेवणाऱ्या कोकणाला यातलं गणित समजावून सांगायला नको. प्रश्न होता मिठाचा. चांगलं मीठ फ्रान्स, स्पेन आणि पोर्तुगालच्या मिठागरांतून येई. त्यामुळे एंकहाउझनची जहाजं दक्षिणेकडे मीठ आणायला जात, उत्तरेकडे बाल्टिकमधून धान्य आणि लाकूड आणत. मसाल्याच्या व्यापाराच्या कितीतरी आधी या गावाने जहाज बांधणं, भरणं आणि दूर नेणं हे सगळं माशांच्या जोरावर शिकून घेतलं होतं.

तेव्हा हॉलंडवर स्पेनच्या राजाची सत्ता होती. 1572 साली एंकहाउझनने त्याच्याविरुद्ध उठाव केला. हॉलंडच्या उत्तर भागात असं करणारं ते पहिलं शहर. अ‍ॅमस्टरडॅम मात्र 1578पर्यंत राजाच्याच बाजूने राहिलं. नकाशा पाहिला तर याचं महत्त्व कळतं. अ‍ॅमस्टरडॅमला खुल्या समुद्राकडे जायचं तर झाउदरझे हे उथळ आखात पार करावं लागे, आणि त्या वाटेच्या चिंचोळ्या भागावर नेमकं एंकहाउझन बसलेलं होतं. दरम्यान 1580 साली पोर्तुगालची गादीही स्पेनचा राजा फिलिप याच्याकडे गेली. ज्या लिस्बनमधून डच व्यापारी मीठ आणि मिरी उचलत, तेच आता शत्रूचं बंदर झालं. डच जहाजांवर जप्ती येऊ लागली. आशियाची वाट स्वतःच शोधावी, हा विचार या कोंडीतून पुढे आला.

पण वाट माहीत कुणाला होती? गोव्यापर्यंतचे वारे, खडक, प्रवाह, कुठे पाणी मिळतं आणि कुठे मुक्काम धोक्याचा, याच्या वह्या पोर्तुगीज सुकाणूदारांकडे असत आणि त्या परक्यांच्या हाती लागू नयेत याची काळजी घेतली जाई. इथे यान हाउखन फान लिन्सखोतेन हा माणूस गोष्टीत येतो.

त्याचा जन्म हार्लेमचा, वाढला एंकहाउझनमध्ये. पोरवयातच तो भावांच्या मागोमाग स्पेनला गेला, आणि तिथून लिस्बनला. 1583 साली गोव्याचे नवे आर्चबिशप व्हिसेंते द फॉन्सेका यांचा कारकून म्हणून तो मांडवीत उतरला तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा होता. पुढची पाच वर्षं तो गोव्यात राहिला. आर्चबिशपच्या दप्तरात बसल्यावर पत्रं, हिशेब, जहाजांच्या बातम्या सगळं हाताखालून जाणारच. त्याने सुकाणूदारांच्या वह्या मिळवल्या, उतरवून घेतल्या आणि सोबत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं टिपून ठेवलं.

मला त्याच्या नोंदींचा हाच भाग जास्त मोलाचा वाटतो. आंबा, फणस, नारळ, मिरी यांची वर्णनं त्याने केली. रोज सकाळी भरणारा गोव्याच्या मुख्य रस्त्यावरचा लिलाव, तिथे विकली जाणारी माणसं, पालखीतून मिरवणारे पोर्तुगीज, ब्राह्मण, वाणी, शेतकरी, सारं त्याने लिहून ठेवलं. व्हाइसरॉय आणि आर्चबिशपसुद्धा आपल्या देशाच्या डॉक्टरांपेक्षा हिंदू वैद्यांवर जास्त भरवसा ठेवतात, हे त्याचं निरीक्षण. 16व्या शतकातल्या गोव्याच्या रस्त्यावरचं जगणं इतक्या बारकाईने सांगणारे साक्षीदार थोडे आहेत. त्याची नजर परक्याची आहे, त्याच्या काळाचे पूर्वग्रह तिच्यात भरपूर आहेत, आणि तरीही गोव्याचा इतिहास लिहिणाऱ्याला त्याला ओलांडून जाता येत नाही.

पोर्तुगालला निघालेले आर्चबिशप वाटेतच वारले. ही बातमी 1588 साली गोव्यात आली आणि लिन्सखोतेनचा आधार गेला. तो मिरीच्या जहाजावर चढून परत निघाला, अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवर दोन वर्षं अडकला आणि 1592 साली एंकहाउझनला पोहोचला. घर सोडून त्याला जवळपास तेरा वर्षं झाली होती.

तो परतला ते गाव त्याच्यासाठी जणू तयारच होतं. लुकास वाखेनार हा नकाशाकार इथलाच. समुद्री नकाशे आणि जहाज हाकण्याच्या सूचना एकत्र बांधलेला त्याचा ग्रंथ 1584-85मध्ये निघाला. त्याचं नाव इतकं रुळलं की इंग्रज खलाशी अशा कुठल्याही पोथीला ‘वॅगनर’ म्हणू लागले. डिर्क खेरित्झ पोम्प चीन आणि जपान पाहून आलेला. गावात त्याला ‘चीन’ हेच टोपणनाव पडलं होतं. आणि डॉक्टर पालुदानस यांच्या घरी जगभरातल्या शिंपल्या, बिया, प्राणी, हत्यारं यांचा संग्रह होता. तो पाहायला लांबून विद्वान येत. लिन्सखोतेनच्या लिखाणाला या पालुदानस यांनी टिपा जोडल्या. जलमार्गांचा भाग 1595ला आणि पूर्ण ग्रंथ ‘इटिनेरारियो’ या नावाने 1596ला छापून आला.

त्यात एक सल्ला होता: मलाक्काच्या सामुद्रधुनीत पोर्तुगीज बसलेत, तेव्हा सुंदा सामुद्रधुनीवरून जावाकडे जा, तिथे ते फारसे फिरकत नाहीत. 1595 साली निघालेल्या पहिल्या डच ताफ्याची चार जहाजं तशीच गेली आणि पुढच्या वर्षी जावातल्या बांतेनला लागली.

त्यानंतर सहा वर्षांत, 20 मार्च 1602 रोजी डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. तिच्या सहा शाखांपैकी एक एंकहाउझनला मिळाली. सुमारे 64 लाख गिल्डरच्या (गिल्डर हे डच नाणं) भांडवलात या गावाचा वाटा 5,40,000चा, म्हणजे अ‍ॅमस्टरडॅम आणि झीलंड प्रांत यांच्याखालोखाल तिसरा. डेल्फ्ट आणि रॉटरडॅमही मागे पडले. 1622 साली इथे 21 हजारांच्या आसपास माणसं राहत होती.

ही संपत्ती कशी आली तेही गावातून फिरताना ध्यानात ठेवलं पाहिजे. शेजारच्या होर्नमध्ये यान पीटरझोन कूनचा पुतळा उभा आहे. त्याच कूनच्या हुकमाखाली 1621 साली जायफळासाठी आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरची वस्ती जवळजवळ नाहीशी केली गेली. कंपनीने माणसांचाही व्यापार केला. पुतळ्यावरून होर्नमध्ये वाद झाले, आणि मला ते योग्य वाटतात.

आपल्या किनाऱ्याला या कंपनीची झळ लागली ती गोव्याच्या नाकेबंदीतून. 1636 ते 1644 या काळात डच आरमार पावसाळा सरला की मांडवीच्या तोंडाशी येऊन उभं राही आणि पोर्तुगीजांची मिरीची जहाजं अडवी. या ताफ्याला अन्नपाणी हवं, बातम्या हव्या. त्यासाठी जवळचं बंदर म्हणजे तेव्हा आदिलशाहीत असलेलं वेंगुर्ला. 1637 साली तिथे डच वखार उघडली. तिचे अवशेष आजही वेंगुर्ल्यात उभे आहेत, झाडोऱ्याने वेढलेले. एंकहाउझनच्या बंदराकाठी 1625ची एक दुहेरी शिखरांची इमारत आहे, पेपरहाउस, म्हणजे मिऱ्यांचं घर. एका व्यापाऱ्याने बांधलेली ही वास्तू पुढे कंपनीचं कोठार झाली आणि आता तिथे संग्रहालय आहे. वेंगुर्ल्याची वखार पाहिलेल्या माणसाने या कोठारात उभं राहावं असं मला मनापासून वाटतं. एकाच व्यवहाराची ही दोन टोकं.

गावाची उतरण लांबली, पण तिची कारणं सरळ आहेत. बंदरात गाळ साचला, इंग्रज आणि फ्रेंचांशी झालेल्या युद्धांत हेरिंगचे ताफे बुडाले, व्यापार अ‍ॅमस्टरडॅमने ओढून घेतला. 1799 साली कंपनीच संपली तेव्हा गावात सात हजारांहून कमी माणसं उरली होती. रिकामी घरं पाडली गेली आणि तटाच्या आत गुरं चरू लागली. आज इथला जुना भाग इतका अखंड दिसतो त्याचं कारण ही गरिबीच. नवं बांधायला पैसा नव्हता.

मग समुद्रच गेला. 1916च्या पुरानंतर झाउदरझेचं तोंड बंद करायचं ठरलं. अभियंते कोर्नेलिस लेली यांच्या आराखड्यानुसार अफ्स्लाउटडाइक हा 32 किलोमीटरचा बांध 1932 साली पुरा झाला. आखाताचं सरोवर झालं आणि काही वर्षांत पाणी गोडं. हेरिंग आणि अँचोवी संपले, त्यांच्यावर जगणारी कोळ्यांची गावंही बदलली. त्या गावांतली घरं, दुकानं, मासे धुरावण्याच्या खोल्या इथे आणून 1983 साली खुलं संग्रहालय उभारलं. त्यात शिंपले भाजून चुना करायच्या उंच भट्ट्या आहेत. कोकणातल्या जुन्या घरांना लागलेला चुना असाच शिंपल्यांचा.

संग्रहालय पाहून वेळ उरला तर काठाने वायव्येला, आंदाइककडे सायकलने जावं. तिथे सरोवराचं पाणी उचलून शुद्ध करणारं मोठं केंद्र आहे. ज्या पाण्यावरून लिन्सखोतेन गोव्याच्या वह्या घेऊन घरी आला, ते आता तिथून नळाने उत्तर हॉलंडच्या स्वयंपाकघरांत जातं.