इंटरॅक्टिव्ह क्वालिफाइंग प्रोजेक्ट (आयक्यूपी)

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्ये (डब्ल्यूपीआय) पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला करावा लागणारा प्रकल्प. विज्ञान-तंत्रज्ञान आणि समाज यांची जिथे गाठ पडते, अशा प्रश्नावर तो असतो. विद्यार्थ्याच्या मुख्य विषयाशी त्याचा संबंध असावा लागत नाही. संगणकशास्त्र शिकणारी मुलगी पाणीपुरवठ्यावर काम करू शकते. मुख्य विषयातला प्रकल्प वेगळा असून तो शेवटच्या वर्षी होतो. आयक्यूपी बहुधा तिसऱ्या वर्षी केला जातो आणि तो पूर्ण केल्याशिवाय पदवी मिळत नाही.

ही संस्था १८६५ मधली. १९७० मध्ये तिथल्या प्राध्यापकांनी अभ्यासक्रम मुळापासून बदलला. ‘डब्ल्यूपीआय प्लॅन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बदलात ठरावीक विषयांच्या यादीऐवजी प्रकल्प हा शिक्षणाचा कणा ठरला. आपण बनवलेल्या वस्तूचे माणसांवर काय परिणाम होतात हे अभियंत्याला कळले पाहिजे, ही त्यामागची धारणा. १९७४ मध्ये वॉशिंग्टन शहरात पहिले प्रकल्प केंद्र, म्हणजे विद्यार्थी जिथे जाऊन प्रकल्प करतात असे ठिकाण, निघाले. आज जगभर ५० हून अधिक केंद्रे आहेत.

डब्ल्यूपीआयचे शैक्षणिक वर्ष प्रत्येकी ७ आठवड्यांच्या ४ सत्रांत विभागलेले असते. परगावी जाणारे विद्यार्थी आधीच्या सत्रात तयारी करतात: वाचन, मुलाखत घेण्याची आणि प्रश्नावली बनवण्याची रीत, कामाचा आराखडा. पुढचे संपूर्ण सत्र ते त्या ठिकाणी राहतात आणि दुसरा कोणताही विषय घेत नाहीत. गट तीन-चार जणांचा, सोबत मार्गदर्शक प्राध्यापक. प्रश्न बहुतेक वेळा तिथलीच एखादी संस्था देते: नगरपालिका, संग्रहालय, स्वयंसेवी संघटना. या पद्धतीचे वैशिष्ट्य यातच आहे, कारण पाठ्यपुस्तकातल्या गणिताला उत्तर असतेच, इथे मात्र प्रश्न नीट मांडण्यातच निम्मा वेळ जातो. एकूण वजन तीन विषयांइतके धरले जाते. शेवटी लेखी अहवाल आणि सादरीकरण होते.

इटलीतील व्हेनिसचे केंद्र १९८८ मध्ये सुरू झाले. डब्ल्यूपीआयमध्ये शिकलेले मूळचे व्हेनिसचे फाबियो कारेरा यांनी ते स्थापन केले. मोटारबोटींच्या लाटा कालव्यांच्या भिंतींवर आणि घरांच्या पायावर आदळत राहतात. तिथले लोक याला ‘मोतो ओन्दोझो’ म्हणतात. विद्यार्थ्यांनी काठावर उभे राहून बोटी मोजल्या, कालव्यांची मोजमापे घेतली, भिंतींची पडझड टिपली. जुन्या विहिरींचे कोरीव कठडे आणि रस्त्यावरची शिल्पे यांच्याही नोंदी झाल्या. एका गटाचे काम यात अगदी थोडे असते. पण पुढच्या वर्षीचा गट आधीच्या वह्यांपासून सुरुवात करतो, आणि अशा वर्षानुवर्षांच्या नोंदींतून शहराची माहिती साठत गेली. म्हणून सुट्या प्रकल्पापेक्षा टिकून राहणारे केंद्र अधिक मोलाचे मानावे लागते.

७ आठवडे अपुरे आहेत, ही शंका रास्त आहे. भाषा येत नाही, दुभाष्यावर भिस्त असते, आणि ओळख जमते न जमते तोच परतीचा दिवस येतो. विद्यार्थ्याचा लाभ निश्चित, गावाचा मात्र नाही. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळच्या खायेलित्शा भागातील मोन्वाबिसी पार्क या झोपडवस्तीत अनेक वर्षे एकामागून एक गट गेले आणि रहिवाशांसोबत वस्तीसुधारणेवर काम झाले, ते या अडचणीवरचेच उत्तर होते.

भारतात आयआयटी मुंबईचे ‘सितारा’ हे १९८५ पासूनचे केंद्र ग्रामीण प्रश्नांवर काम करते. पदवीचे विद्यार्थीही तिथे प्रकल्प घेऊ शकतात, पण ते ऐच्छिक आहे. डब्ल्यूपीआयशी थेट नाते जुळले ते हिमाचल प्रदेशातील आयआयटी मंडीचे. २०१० च्या दशकात तिथे तिसऱ्या वर्षाच्या बी.टेक. विद्यार्थ्यांसाठी अशाच धर्तीचा प्रकल्प अभ्यासक्रमात आला. वूस्टरहून येणारे विद्यार्थी आणि मंडीचे विद्यार्थी मिश्र गटांत काम करू लागले. दरडी कोसळण्यासारखे डोंगरी भागातले विषय त्यात येतात. हिंदी बोलणारे सोबती गटातच असल्याने गावकऱ्यांशी बोलायला बाहेरचा दुभाषी लागत नाही, आणि पाहुणे परतल्यावरही गटातले काही जण मंडीतच असतात.