तुरटी, राळ आणि मार्केसचे कागद

एखाद्या मोठ्या लेखकाचे कागद ग्रंथालयात पोचले की बातमीसोबतचा फोटो ठरलेला असतो: पांढरे सुती हातमोजे घातलेले दोन हात आणि त्यात एक पिवळट पान. बघणाऱ्याला वाटतं, केवढी ही काळजी! कागदाच्या जतनाचं काम करणारे लोक मात्र या मोज्यांना वैतागलेले असतात. मोजा घातला की पानाची कड बोटांना कळत नाही, सुताचे धागे फाटक्या कडेत अडकतात आणि पान आणखी फाटतं. साबणाने धुऊन कोरडे केलेले हात पुरतात. मोजे हवेत ते छायाचित्रांसाठी, कारण बोटांचं तेल आणि घाम त्यांच्यावर कायमचा ठसा ठेवून जातो. बाकी सगळं सोवळं.

आणि या सोवळ्यात खरा शत्रू नजरेआड होतो. तो बाहेरून येत नाही. कागद बनला त्या दिवसापासून तो कागदातच बसलेला असतो.

उदाहरणाला गॅब्रिएल गार्सिया मार्केसचा संग्रह घेऊ. एप्रिल २०१४ मध्ये हा नोबेलविजेता कोलंबियन लेखक मेक्सिको सिटीत वारला आणि त्याच वर्षी त्याचे कागद अमेरिकेत ऑस्टिनला, टेक्सास विद्यापीठाच्या हॅरी रॅन्सम सेंटरने विकत घेतले. किंमत २२ लाख डॉलर. कोलंबियात अर्थातच हळहळ झाली. खर्डे, दुरुस्त्या केलेली टंकलिखितं, पत्रं, फोटोंचे अल्बम, शिवाय त्याचे टाइपरायटर आणि संगणक, असा हा ऐवज. अशा ऐवजातलं एखादं टंकलिखित पान डोळ्यांसमोर आणा.

कागद म्हणजे मुळात वनस्पतींच्या तंतूंचा लगदा. नुसता लगदा वाळवला तर टीपकागद होतो, शाई पसरते. म्हणून कागदाला खळ द्यावी लागते. १८०७ मध्ये जर्मनीतल्या मोरित्स इलिग याने झाडाची राळ आणि तुरटी वापरून स्वस्त खळ शोधली. पुढे तुरटीच्या जागी तिचंच भावंड, अ‍ॅल्युमिनियम सल्फेट, आलं. साधारण १८५० पासून पुढची सव्वाशे-दीडशे वर्षं जगातला बहुतेक यंत्रावरचा कागद असाच बनला. अडचण एवढीच, की अ‍ॅल्युमिनियमचा आयन (म्हणजे विद्युतभार असलेला अणू) पाण्याच्या रेणूंना धरून बसतो आणि त्यांच्यातला हायड्रोजन आयन सुटा करतो. सुटा हायड्रोजन आयन म्हणजेच आम्ल. पूर्ण कोरडा कागद नसतोच, हवेतली आर्द्रता त्यात मुरलेली असते. म्हणजे आम्ल आणि पाणी दोन्ही घरातच.

आता माझा आवडता भाग. तंतूंमधलं सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची लांबच लांब साखळी. दोन कड्यांमध्ये एक ऑक्सिजनचा अणू, पुलासारखा. हायड्रोजन आयन या ऑक्सिजनला जाऊन चिकटतो, ऑक्सिजनची इलेक्ट्रॉनांवरची ओढ वाढते आणि पलीकडच्या कार्बनशी असलेला बंध तुटतो. रिकाम्या जागेवर पाण्याचा रेणू येऊन बसतो आणि हायड्रोजन आयन पुन्हा मोकळा! तो खर्च झालेलाच नाही. पुढचा पूल तोडायला सज्ज. रसायनशास्त्रात याला आम्ल-उत्प्रेरित जलीय विच्छेदन म्हणतात. शब्द अवघड, काम कात्रीचं.

ही कात्री किती वेळा चालली म्हणजे कागद मेला? समजा साखळीत १,००० कडी आहेत. जोड ९९९. त्यातले फक्त चार तुटले तर सरासरी २०० कड्यांचे पाच तुकडे होतात, आणि साखळी एवढी आखूड झाली की कागदाचा कोपरा दुमडला तरी तुटतो. हजारात चार! पानाचं वजन तेच, अक्षरं जागच्या जागी, पण बळ गेलेलं. शिवाय ही कात्री सगळीकडे सारखी चालत नाही. साखळ्या जिथे स्फटिकासारख्या दाटीवाटीने रचलेल्या असतात तिथे पाण्याला आणि आम्लाला शिरायला जागा नसते. विस्कळीत भागात मात्र दोघांना मोकळं रान. म्हणून सुरुवातीचे तुकडे भराभर होतात आणि पुढे वेग मंदावतो. पण तोवर कागदाचा चुरा व्हायची वेळ आलेली असते.

भर म्हणजे, सेल्युलोज कुजताना त्यातून फॉर्मिक आणि अ‍ॅसिटिक ही आम्लं तयार होतात आणि तीही कात्री चालवायला लागतात. चक्रवाढ व्याजच हे. जुन्या पुस्तकांच्या वासावर जीव टाकणाऱ्यांनी माफ करावं, पण त्या वासात अ‍ॅसिटिक आम्ल आणि फरफुराल हे कागद कुजताना बनणारं रसायन असतं. आपण हुंगतो ते कागदाचं मरण.

कुणी म्हणेल, मग हवाच काढून टाका. ऑस्टिनच्या याच सेंटरमध्ये फ्रेंच संशोधक निएप्सने १८२६-२७ च्या सुमारास टिपलेलं, कॅमेऱ्यातून घेतलेलं आज उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं छायाचित्र आहे. ते निष्क्रिय वायूच्या बंद पेटीत ठेवतात, कारण त्याच्या धातूच्या पत्र्याचं वैर ऑक्सिजनशी. आपल्या कात्रीला मात्र ऑक्सिजन लागतच नाही. पाणी पुरतं.

आम्ल मारता येतं. कागदात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचा कार्बोनेट मुरवून ठेवला की तो आम्ल गिळत राहतो. पण तुटलेली साखळी पुन्हा जुळत नाही, आणि लाखो पानांना हा उपाय करणं सोपं नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने डायइथाइल झिंकच्या वाफेचा प्रयोग केला. हवा लागताच पेट घेणारं हे रसायन! नासाच्या गोडार्ड केंद्रातल्या चाचणी संयंत्रात आग लागली, स्फोटही झाला. पुस्तकं वाचवायला असलं काहीतरी वापरायचं धाडस मला अजून थक्क करतं.

राहतो तो कंटाळवाणा उपाय: थंडावा. कागदाच्या बाबतीत तापमान ५ अंशांनी उतरवलं की कात्रीचा वेग साधारण निम्मा होतो. २० वरून १० अंशांवर आणलं की पाव. आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत स्थिर ठेवायची, कारण त्याखाली कागद कडक होतो आणि ६५ च्या वर बुरशी धरते. गंजणाऱ्या टाचण्या काढायच्या, वर्तमानपत्राची कात्रणं वेगळी ठेवायची (त्यांचं आम्ल शेजारच्या पानावर तपकिरी डाग पाडतं), आणि कार्बोनेट घातलेल्या फोल्डरांत पानं ठेवून खोकी बंद करायची. यात फोटो काढण्याजोगं काही नाही.

‘डिजिटल केलं म्हणजे झालं’ हेही ऐकू येतं. सेंटरने २०१७ मध्ये या संग्रहातल्या २७ हजारांहून अधिक प्रतिमा सर्वांसाठी खुल्या केल्या. दूरच्या वाचकांसाठी ती मोठीच सोय. पण त्या फाइलींनाही दर काही वर्षांनी नव्या साठवणीत हलवावं लागतं. खोक्यातलं पान दहा वर्षं विसरलं तरी वाचता येतं, हार्ड डिस्कचा तेवढा भरवसा नसतो.

या खोक्यांमध्ये एका अपूर्ण कादंबरीचे खर्डेही होते. हे पुस्तक जमलेलं नाही, नष्ट करा, असं मार्केसने मुलांना सांगितलं होतं. ते नष्ट झाले नाहीत. ऑस्टिनच्या वाचनकक्षात अभ्यासकांना ते मागवून वाचता येत होते. मार्च २०२४ मध्ये ती कादंबरी छापून आली.